ब्रुसिलोव: झारचा सेनापती लाल सैन्याच्या कचेरीत कसा पोहोचला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या महायुद्धात रशियाला सर्वांत मोठं यश मिळवून देणारा, झारच्या दरबारी लष्करी शाळेत शिकलेला जनरल अलेक्सेई ब्रुसिलोव १९२० मध्ये बोल्शेविकांच्या, म्हणजे क्रांती करून सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांच्या (त्यांचंच सैन्य ते ‘लाल’), बाजूने उभा राहिला. त्याला देशभक्त म्हणायचं की संधिसाधू? आणि १९१६ च्या त्याच्या चढाईचं एवढं कौतुक होतं, ते रास्त आहे का?

लष्करी इतिहास शिकवताना ब्रुसिलोव मी दरवर्षी वर्गात घेतो आणि दरवर्षी मुलांचे दोन तट पडतात. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कशासाठी सांगतोय ते कळेल. सगळे १९२० कडे बोट दाखवतात, पण या माणसाचा खरा निर्णय मार्च १९१७ मधला आहे. राजा आणि सैन्य यांतलं एकच वाचू शकतं असं त्याला वाटलं, तेव्हा त्याने सैन्य निवडलं. पुढच्या नऊ वर्षांत तो त्याच निवडीची किंमत देत राहिला. काही किंमत स्वतः दिली, काही दुसऱ्यांना द्यावी लागली. (तारखा नव्या दिनदर्शिकेप्रमाणे देतोय, रशियात तेव्हा जुनी चालायची, १३ दिवस मागे असलेली.)

आधी माणूस बघू. जन्म १८५३ चा, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातलं त्बिलिसी. वडील रशियन सैन्यात लेफ्टनंट जनरल, आई पोलिश. दोघंही तो लहान असतानाच गेले आणि मावशी-काकांनी कुताइसीला त्याला वाढवलं. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या पेज कोअरमध्ये. बड्या लष्करी घराण्यांची मुलं तिथे शिकत आणि दरबारात सेवा करत. १८७२ मध्ये तो त्वेर ड्रॅगून रेजिमेंटमध्ये, म्हणजे घोडदळात, दाखल झाला. १८७७-७८ च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धात कॉकेशसच्या आघाडीवर आर्दाहान आणि कार्सच्या लढायांत होता.

त्यानंतरची वीसेक वर्षं चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटतात. पीटर्सबर्गच्या घोडदळ अधिकारी शाळेत तो आधी शिकला, मग शिकवू लागला आणि १९०२ ते १९०६ तिचा प्रमुख होता. जपानशी झालेल्या युद्धात तो नव्हता. जनरल स्टाफ अकादमीची पायरीही कधी चढला नाही, आणि त्या काळच्या रशियात वर जायचा राजमार्ग तोच होता. ब्रुसिलोव वर आला तो शिक्षक म्हणून आणि ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच या घोडदळाच्या महानिरीक्षकाच्या मर्जीमुळे. अकादमीवाले म्हणूनच त्याला ‘घोडे फिरवणारा’ समजत. पण शिकवणाऱ्याला एक सवय लागते: चुका कुठे होतात ते बारकाईने बघायची आणि तीच गोष्ट कंटाळा न करता पुन्हा करून घ्यायची. १९१६ मध्ये हीच सवय कामी आली.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्या मुंबईपर्यंत येते. पहिली पत्नी १९०८ मध्ये वारल्यावर १९१० मध्ये त्याने नाडेझ्दा झेलिखोव्स्काया हिच्याशी लग्न केलं. ती हेलेना ब्लाव्हाट्स्कीची सख्खी भाची. हीच मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरली, गिरगावात राहिली आणि अड्यारला जाण्याआधी थिऑसॉफिकल सोसायटीचं काम तिने इथूनच चालवलं. गूढविद्येची ओढ ब्रुसिलोवलाही होती, आणि त्याच वेळी तो श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनही होता. पुढे ‘लाल जनरल’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्याच्याबद्दल हे ध्यानात ठेवावं. मार्क्सशी या माणसाचं कधीच काही देणंघेणं नव्हतं.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. नैर्ऋत्य आघाडीवरची आठवी आर्मी त्याच्या हाताखाली आली आणि गॅलिशियात (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) तिने ऑस्ट्रिया-हंगेरीला मागे रेटलं. त्या आर्मीतल्या अधिकाऱ्यांची नावं बघा: देनिकिन, कोर्निलोव, कालेदिन. पुढे बोल्शेविकांविरुद्ध लढणारं ‘गोरं’ सैन्य उभं करणारी बहुतेक मोठी माणसं याच्याच हाताखाली तयार झाली होती. फिनलंडचा मॅनरहाइमही त्याच्या हाताखाली लढला. यादवी युद्ध म्हणजे दोन अनोळखी फौजांची टक्कर नव्हती. एकाच मेसमध्ये जेवलेली माणसं एकमेकांसमोर उभी होती.

१९१५ चं वर्ष रशियासाठी भीषण गेलं. मे महिन्यात गोर्लित्सेजवळ जर्मनांनी आघाडी फोडली. तोफगोळे संपले, काही तुकड्यांत माणसांपेक्षा बंदुका कमी होत्या. मार्चमध्ये जिंकलेला प्शेमिश्लचा किल्ला जूनमध्ये गेला, पाठोपाठ ल्वोव गेलं. झार निकोलस दुसरा याने सप्टेंबरमध्ये सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं आणि मोगिल्योवच्या मुख्यालयात जाऊन बसला. प्रत्यक्ष कारभार चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव बघायचा.

आता १९१६. एवढं कौतुक का, याचं उत्तर इथे आहे आणि ते तपशिलात आहे.

त्या वसंतात मित्रराष्ट्रांची अवस्था वाईट होती. फेब्रुवारीपासून व्हर्दंला फ्रेंच रक्त वाहत होतं. मार्चमध्ये नारोच सरोवराजवळ रशियाने केलेली चढाई चिखलात रुतून फसली. एप्रिलअखेर कुत-अल-अमाराला ब्रिटिश-हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. मराठा पलटणींचे जवान त्यात होते. मे महिन्यात ऑस्ट्रियाने इटलीवर झडप घातली आणि इटलीने झारकडे मदतीचा धोशा लावला.

त्याआधीच, १४ एप्रिलला, मोगिल्योवला तिन्ही आघाड्यांच्या सेनापतींची बैठक झाली होती. उत्तरेचा कुरोपात्किन आणि पश्चिमेचा एवेर्त दोघंही म्हणाले, चढाईत यश मिळणं कठीण. नैर्ऋत्य आघाडीची सूत्रं ब्रुसिलोवकडे येऊन महिनाही झाला नव्हता. तो म्हणाला, माझी आघाडी चढाई करेल. जादा तोफा किंवा माणसं मागत नाही, फक्त बाकीच्यांनी आपल्या समोरचा शत्रू गुंतवून ठेवावा. परवानगी मिळाली, पण दुय्यम हल्ला म्हणून. मुख्य तडाखा एवेर्तने द्यायचा होता.

तोपर्यंतची पद्धत ठरलेली होती. एक अरुंद जागा निवडायची, तिथे सगळ्या तोफा जमवायच्या, कित्येक दिवस मारा करायचा आणि मग पायदळ सोडायचं. यात अडचण उघड आहे. एवढी जमवाजमव लपत नाही; आपण तोफा आणेपर्यंत शत्रूची राखीव दलंही तिथेच येऊन बसतात. ब्रुसिलोवने आपल्या चारही आर्म्यांना सांगितलं की प्रत्येकीने आपापल्या हद्दीत हल्ल्याची जागा निवडून तयारी करावी. शिवाय बऱ्याच कोअरना (आर्मीतल्या मोठ्या तुकड्यांना) त्यांच्या हद्दीत वेगळी जागा तयार करायला लावली. चारशेहून जास्त किलोमीटरच्या आघाडीवर वीसेक ठिकाणी एकदम खोदकाम दिसू लागलं. पळून शत्रूला मिळालेल्या शिपायानेही फार तर ‘आमच्याकडे हल्ल्याची तयारी चाललीये’ एवढंच सांगितलं असतं. ते खरंच होतं, आणि शत्रूच्या काही उपयोगाचं नव्हतं.

बाकीची तयारी शिक्षकाची होती. ऑस्ट्रियन खंदकांचे विमानातून फोटो काढले, त्यावरून नकाशे छापून खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवले. पिछाडीला तशाच खंदकांच्या प्रतिकृती खोदून तुकड्यांकडून सराव करून घेतला. आपले खंदक रात्री रात्री पुढे सरकवत काही ठिकाणी शत्रूपासून शंभरेक मीटरवर नेले, म्हणजे मोकळ्या मैदानातून धावायचं अंतर कमी. राखीव तुकड्यांसाठी आघाडीजवळच जमिनीखाली मोठे निवारे केले. तोफखान्याचा अधिकारी पायदळाच्या शेजारी बसून कुठली तोफ कुठल्या मशिनगनवर डागायची ते ठरवू लागला. जड तोफा शत्रूकडेच जास्त होत्या आणि पायदळात रशियाचं पारडं थोडंसंच जड होतं. अशा स्थितीत गोळा वाया न घालवणं हीच युक्ती.

हल्ल्याच्या तोंडावर अलेक्सेयेवचा तारेवरून निरोप आला: झारची इच्छा आहे, एवढ्या ठिकाणी हल्ला नको, नेहमीसारखा एकाच जागी करा, त्यासाठी काही दिवस पुढे ढकला. ब्रुसिलोवने आठवणींत हा प्रसंग लिहिलाय. नकार देत तो म्हणाला, मान्य नसेल तर मला बदला. झार झोपलेत, आता उठवता येणार नाही, असं अलेक्सेयेवने सांगितलं. त्यावर, त्यांच्या झोपेशी माझा संबंध नाही, मला उत्तर आत्ता हवं, असं ब्रुसिलोवचं म्हणणं. आठवणी लिहिताना माणूस स्वतःला जरा उंच दाखवतोच, तेवढी सूट धरा. पण योजना बदलली नाही, हे खरं.

४ जून १९१६ ला तोफा सुरू झाल्या. उत्तरेला कालेदिनच्या आठव्या आर्मीने ७ जूनला लुत्स्क घेतलं, दक्षिणेला लेचित्स्कीच्या नवव्या आर्मीने १८ जूनला चेर्नोवित्स. ऑस्ट्रियाची चौथी आर्मी कोसळली आणि तिचा सेनापती आर्चड्यूक योझेफ फर्डिनांड याला घरी पाठवलं गेलं. खंदकांच्या लढाईत जिथे शेकडो मीटरची मोजदाद व्हायची, तिथे रशियन सैन्य दहा-दहा मैल पुढे सरकत होतं.

आणि मग एवेर्त हललाच नाही. ठरलेला मुख्य हल्ला आधी पुढे ढकलला, मग त्याची जागा बदलली, आणि जुलैमध्ये बारानोविचीला केला तेव्हा फसला. तोवर जर्मनांनी आगगाड्यांनी कुमक आणून ऑस्ट्रियाची भगदाडं बुजवली होती. ब्रुसिलोववर टीका करायची तर ती इथे, जुलैनंतरची. कोवेलचं रेल्वे जंक्शन घ्यायच्या अट्टहासात स्तोखोद नदीच्या दलदलीत हल्ल्यांमागून हल्ले झाले. निवडक गार्ड आर्मी तिथे कापली गेली. जूनमध्ये मोडीत काढलेली अरुंद जागेवर दाट हल्ल्याची रीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्याच आघाडीवर परत आली. वरून दबाव होता हे मान्य. पण हुकूम त्याच्या सहीचे होते आणि या मरणाचा वाटा त्याच्याकडेही जातो.

ऑस्ट्रियाचे कैदीच चार लाखांच्या आसपास गेले. त्यानंतर ते सैन्य जर्मनीच्या आधाराशिवाय मोठी चढाई करायच्या स्थितीत उरलं नाही. इटलीवरचा दाब सुटला, व्हर्दंवरचा सैल झाला, रुमानिया ऑगस्टमध्ये युद्धात उतरला आणि जर्मन सरसेनापती फाल्केनहाइनचं पद गेलं. रशियाची हानीही प्रचंड होती. मोजदाद कुठून कुठपर्यंत धरता त्यावर आकडा पाच लाख ते दहा लाखांच्या घरात जातो. तेव्हा कौतुक रास्त आहे का? जूनचं पूर्णपणे रास्त आहे. एरवी लढायांना गावांची नाहीतर नद्यांची नावं पडतात. ही सेनापतीच्या नावाने ओळखली जाते, आणि तो मान त्याने मिळवलेला आहे. अधिकाऱ्यांच्या मंडळाने सेंट जॉर्जच्या दुसऱ्या श्रेणीच्या पदकाची शिफारस केली होती. झारने हिरेजडित तलवार देऊन विषय संपवला.

एवढ्या माणसांचा बळी घेऊन मिळालेलं यश शेजारच्या आघाडीच्या आणि मुख्यालयाच्या कचखाऊपणाने वाया गेलं, ही ब्रुसिलोवची ठाम समजूत झाली. मुख्यालयाचा प्रमुख खुद्द झार होता. म्हणून १५ मार्च १९१७ ला पेत्रोग्राडमध्ये (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) क्रांती पेटलेली असताना अलेक्सेयेवने सगळ्या सेनापतींना तारेने मत विचारलं, तेव्हा ब्रुसिलोवचं उत्तर फारसं न घुटमळता आलं: मुलाच्या नावे गादी सोडा, भाऊ मिखाईलला कारभारी नेमा, दुसरा मार्ग नाही. इतर सेनापतींनीही तेच कळवलं, अगदी झारचा चुलतकाका आणि ब्रुसिलोवचा जुना आश्रयदाता निकोलाय निकोलायेविच यानेसुद्धा. त्याच दिवशी झार पायउतार झाला. ब्रुसिलोवला एकट्याला ‘राजद्रोही’ म्हणणारे हे विसरतात.

पुढचा टप्पा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत दुबळा. ४ जून १९१७ ला, म्हणजे चढाईला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, हंगामी सरकारने त्याला सरसेनापती नेमलं. शिपायांच्या समित्यांशी जुळवून घेतलं तर सैन्य पुन्हा लढेल, असं त्याला वाटत होतं. मोगिल्योवला पोहोचल्यावर त्याने मानवंदनेला उभ्या असलेल्या शिपायांशी हस्तांदोलन केलं. हातात बंदुका धरलेले शिपाई गोंधळून गेले आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी हा प्रसंग कधी माफ केला नाही. युद्धमंत्री केरेन्स्कीच्या नावाने ओळखली जाणारी जुलैची चढाई आठवड्याभराच्या यशानंतर ढासळली. पलटणी ‘हल्ला करायचा का’ यावर मतदान घेत होत्या आणि जर्मन प्रतिहल्ला येताच मोर्चे सोडून निघाल्या. आघाडीवर देहदंड पुन्हा आणावा असं ब्रुसिलोव आता म्हणू लागला, पण दोन महिन्यांतच त्याच्या जागी कोर्निलोव आला. माझ्या मते हा त्याच्या समजुतीचा पराभव होता. शिपायाला शांतता आणि जमीन हवी होती, आणि हस्तांदोलनातून ती मिळणार नव्हती.

नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि मॉस्कोत रस्त्यावर लढाई झाली तेव्हा तो कुठल्याच बाजूने उतरला नाही. तरी गोळा घरात येऊन पडला, पाय जबर जखमी झाला, कित्येक महिने दवाखान्यात गेले. १९१८ च्या ऑगस्टमध्ये चेकाने, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांनी, त्याला अटक केली. सुमारे दोन महिने कैद, मग घरात स्थानबद्धता. भाऊ बोरिस त्याच वर्षी तुरुंगात मेला. एकुलता एक मुलगा अलेक्सेई लाल घोडदळात गेला आणि १९१९ मध्ये देनिकिनच्या फौजेच्या हाती लागला. गोऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या असं ब्रुसिलोव धरून चालला. म्हणजे भाऊ लालांच्या तुरुंगात गेला आणि मुलगा, बापाच्या समजुतीप्रमाणे, त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांच्या हातून. संधिसाधू हा शब्द वापरण्याआधी हे घर डोळ्यांसमोर आणावं.

आणि तो एकटा नव्हता. १९१८ च्या मध्यापासून १९२० च्या ऑगस्टपर्यंत लाल सैन्याने झारच्या सुमारे ४८ हजार माजी अधिकाऱ्यांना भरती केलं. काही आपणहून आले, बरेचसे सक्तीने. प्रत्येकावर नजर ठेवायला कमिसार (पक्षाचा राजकीय अधिकारी), आणि फितूर झाल्यास घरच्यांना ओलीस धरण्याचा युद्धमंत्री त्रोत्स्कीचा हुकूम.

मे १९२० मध्ये पोलिश सैन्याने कीव घेतलं. ब्रुसिलोवसाठी प्रश्न आता सोपा झाला: परकी फौज देशात शिरली आहे. सरसेनापतीजवळ अनुभवी सेनानींचं एक सल्लागार मंडळ नेमण्यात आलं आणि त्याचा अध्यक्ष ब्रुसिलोव झाला. ३० मे ला माजी अधिकाऱ्यांना उद्देशून आवाहन निघालं: झालेले अन्याय विसरा आणि लाल सैन्यात या. सह्या करणाऱ्यांत माजी युद्धमंत्री पोलिवानोव होता, झायोन्च्कोव्स्की, क्लेम्बोव्स्की, पार्स्की, बालुयेव, गुतोर होते. हजारो अधिकारी आले. इथपर्यंत मी त्याची बाजू घेतो.

इथून पुढे घेता येत नाही. सप्टेंबरमध्ये क्रिमियातल्या व्रांगेलच्या, म्हणजे गोऱ्यांच्या उरलेल्या फौजेच्या सेनापतीच्या, अधिकाऱ्यांसाठी दुसरं आवाहन निघालं, शस्त्रं ठेवा, माफी मिळेल. खाली लेनिन, त्रोत्स्की, कालिनिन, कामेनेव आणि ब्रुसिलोव यांची नावं. व्रांगेल नोव्हेंबरात दीड लाखाच्या आसपास माणसं जहाजांवर चढवून निघून गेला. जे मागे राहिले त्यांना नावनोंदणीला बोलावून हजारोंच्या संख्येने गोळ्या घालण्यात आल्या. ब्रुसिलोवच्या सांगण्याप्रमाणे, व्रांगेलचे अधिकारी बंड करून तुमच्या हाताखाली यायला तयार आहेत, अशी थाप उपयुद्धमंत्री स्क्ल्यान्स्कीने त्याला मारली होती आणि आपण जीव वाचवायला निघालोय असं त्याला वाटत होतं. त्याची फसवणूक झाली यावर माझा विश्वास आहे. पण ते अधिकारी लेनिनच्या सहीवर विसंबून थांबले नसते. ज्याच्या नावावर विसंबता येईल असं त्या कागदावर एकच नाव होतं. दोन वर्षं चेकाचा कारभार घरातून पाहिलेल्या माणसाने ते नाव कोऱ्या धनादेशासारखं द्यायला नको होतं.

नंतरची नोकरी किरकोळ होती: भरतीपूर्व घोडदळ प्रशिक्षण, मग घोडदळाचं निरीक्षकपद. १९२४ मध्ये निवृत्ती. १९२५ मध्ये उपचारांसाठी कार्लोव्ही व्हारीला गेला. तिथे राहून जाता आलं असतं, पण परत आला. १७ मार्च १९२६ ला मॉस्कोत वारला आणि नोव्होदेविची मठात लष्करी इतमामात दफन झालं.

त्याच्यासोबत १९२० मध्ये सह्या करणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. पोलिवानोव त्याच वर्षी पोलंडशी तहाची बोलणी चालू असताना टायफसने गेला. क्लेम्बोव्स्की १९२१ मध्ये तुरुंगात मेला. गुतोरला १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. १९३०-३१ मध्ये तर माजी अधिकाऱ्यांची सरसकट धरपकड झाली आणि हजारो जण त्यात गेले. ब्रुसिलोव चार-पाच वर्षं जास्त जगला असता तर त्यातून सुटला असता असं मला वाटत नाही.

वाचायचं असेल तर त्याच्या आठवणी वाचा, पण दोन भाग वेगवेगळे धरा. पहिला, १९१७ पर्यंतचा, सोव्हिएत रशियातच त्याच्या मृत्यूनंतर १९२९ मध्ये छापला गेला; १९१६ च्या तयारीचं इतकं चांगलं वर्णन दुसरीकडे नाही. दुसरा भाग कार्लोव्ही व्हारीत पत्नीच्या मदतीने लिहिला गेला आणि परदेशातच ठेवला. त्यात बोल्शेविकांवर उघड राग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागच्या संग्रहातून ती हस्तलिखितं मॉस्कोच्या हाती पडली आणि कालपर्यंत ‘देशभक्त जनरल’ म्हणून गौरवलेलं त्याचं नाव काही वर्षं सोव्हिएत पुस्तकांतून गायब झालं. त्या भागातलं किती त्याचं आणि किती नाडेझ्दाचं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. क्रिमियाचा प्रसंग त्याच भागात आहे, त्यामुळे तो वाचताना स्क्ल्यान्स्कीवरचा आरोप आणि ब्रुसिलोवने स्वतःबद्दल दिलेली सफाई, दोन्ही वेगवेगळी तपासून घ्या.